केशवराव भोसले आणि कोल्हापूरचे नाट्यगृह

दिनांक ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. रंगमंच गेला, छप्पर गेले, प्रेक्षागाराचे लाकूडकाम गेले. उरल्या त्या दगडी भिंती. पाठीमागच्या खासबाग मैदानावरील व्यासपीठही त्यातून सुटले नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ९ ऑगस्टला, ज्याच्या नावाने ही वास्तू ओळखली जाते त्या नटाची जयंती होती. नगरातील रंगकर्मी त्या सकाळी अभिवादनाच्या फुलांऐवजी राखेपुढे उभे राहिले. ही वार्ता महाराष्ट्राबाहेर आमच्यासारख्या नोकरदार मराठी मंडळींच्या कानी आली तेव्हा पुष्कळांच्या तोंडून एकच वाक्य निघाले: 'आता ते पुन्हा उभे राहील काय?'

प्रश्न स्वाभाविक आहे. पण तो अर्धा आहे. नाट्यगृह पुन्हा उभे राहणे म्हणजे नेमके काय उभे राहणे, हा त्याचा उरलेला अर्धा भाग. त्याचे उत्तर गवंड्याच्या हिशेबात सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. आणि सुदैवाने या वास्तूचा व तिला नाव देणाऱ्या नटाचा इतिहास इतका बोलका आहे की, त्याने कोणते उत्तर दिले आहे हे पाहण्यासाठी फार खणावे लागत नाही.

केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. घरची परिस्थिती हलाखीची. पितृछत्र लवकर हरपलेले. शाळेच्या पाटीऐवजी त्यांच्या वाट्याला आली ती नाटक मंडळी. स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत हा मुलगा अगदी लहान वयात दाखल झाला, आणि कोवळ्या वयातच देवलांच्या 'शारदा' नाटकातील नायिकेची भूमिका त्याच्याकडे आली. जरठ-बाला विवाहाच्या दुष्ट रूढीवर लिहिलेल्या त्या नाटकात, खऱ्याखुऱ्या शारदेच्याही वयाहून लहान दिसणारा हा पोर गाऊ लागला, तेव्हा प्रेक्षागृहातील वडीलधाऱ्यांना आपल्याच घरातील मुली आठवल्या असतील तर नवल नाही. स्त्री-भूमिका करणारा, गळ्यात तेज असलेला, द्रुत तानांनी सभा हलवून सोडणारा नट म्हणून त्यांची कीर्ती त्याच सुमारास पसरू लागली. रसिकांनी पुढे त्यांना 'संगीतसूर्य' ही पदवी दिली. बालगंधर्वांच्या गाण्यात जे मार्दव होते ते केशवरावांचे वैशिष्ट्य नव्हे. त्यांचे वैशिष्ट्य आवेग हे होते, आणि ती उपमा त्या आवेगाला साजेशी आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. हा नट कोल्हापूरचा खरा. पण तो घडला कोल्हापुराबाहेर. नाटक मंडळी म्हणजे फिरते बिऱ्हाड. नट, साथीदार, पडदेवाले, आचारी आणि त्यांच्या मागोमाग पेट्या, पडदे, तंबोरे असा सारा संसार गाडीवर चढवून मंडळी गावोगाव जाई. कोठे चार आठवडे, कोठे चार महिने मुक्काम करी. आणि तेथील हंगाम संपला की पुढचे गाव धरी. बदलीच्या हुकमानुसार सामान बांधणाऱ्या आमच्या वाचकांना हे चित्र परके वाटू नये. फरक इतकाच की, आमच्या बदलीचा हुकूम दिल्लीहून येतो. त्यांचा हुकूम तिकिटाच्या खिडकीवरील गल्ल्याकडून येत असे.

स्वदेशहितचिंतक मंडळीतून बाहेर पडून केशवरावांनी स्वतःची संस्था काढली ती १ जानेवारी १९०८ रोजी. तिचे नाव 'ललितकलादर्श'. त्यावेळी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. आणि ही संस्था कोठे निघाली? कोल्हापुरास नव्हे, पुण्यास नव्हे, मुंबईसही नव्हे. ती निघाली हुबळीस. मराठी रंगभूमीच्या इतिहासात ज्या संस्थेचे नाव आजही आदराने घेतले जाते, तिचा जन्म कानडी मुलखात झाला, हे आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो.

यात योगायोग थोडा आहे. मराठी नाटकाचा कर्नाटकाशी संबंध जन्मापासूनचा. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या संस्थानिकांनी पाहिले, आणि तसे काही मराठीत व्हावे या इच्छेतून विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' १८४३ साली रंगले. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे जन्माने कर्नाटकातील गुर्लहोसूरचे. धारवाड-हुबळी-बेळगावकडील प्रेक्षक मराठी नाटकाला हक्काने गर्दी करीत, त्यातील पदे पाठ म्हणत. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथील मराठी दरबारांनी तर नाटक मंडळ्यांना वेळोवेळी हात दिला. 'शारदा'चा पहिला प्रयोगदेखील १८९९ साली इंदुरास झाला. सारांश, आपली रंगभूमी महाराष्ट्राच्या सीमेवर कधी थांबली नाही. बाहेर राहणाऱ्या मराठी माणसाकडे तिने 'दूरचा नातेवाईक' म्हणून पाहिले नाही; तिने त्याला आपला प्रेक्षकच मानले, आणि पुष्कळ वेळा त्याच्याच जिवावर आपला हंगाम निभावला.

ललितकलादर्शाने पुढील तेरा वर्षांत जे केले ते केवळ गायनाच्या बळावर केले असे कोणी समजू नये. 'सौभद्र', 'मृच्छकटिक', 'शारदा' ही जुनी नाटके होतीच. पण वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' या संस्थेने रंगभूमीवर आणले व त्यातील मृणालिनीची भूमिका केशवरावांनी अविस्मरणीय केली. मामा वरेरकर यांना पुढे आणण्याचे श्रेय मुख्यतः याच संस्थेचे. हुंड्यावरील 'हाच मुलाचा बाप' हे नाटक १९१६ चे, आणि धर्मांतराचा प्रश्न हाताळणारे 'संन्याशाचा संसार' १९१९ चे. पौराणिक कथानकांना सरावलेल्या प्रेक्षकांपुढे आपल्याच घरातील व्यवहार उघडा करून दाखवावयाचा, आणि तोही तिकीट लावून, यास धाडस लागते. हेच वरेरकर पुढे १९५६ साली राज्यसभेवर नियुक्त होऊन दिल्लीस आले. संगीताच्या बाजूस रामकृष्णबुवा वझे यांच्यासारखा अधिकारी गवई या संस्थेला लाभला. मराठी रंगभूमीवर मखमली दर्शनी पडदा प्रथम आणण्याचा मानही जाणकार केशवरावांनाच देतात.

पडद्यांचा विषय निघाला आहे तर कोल्हापूरच्याच दोन कलावंतांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी त्या काळातील नाटक मंडळ्यांसाठी रंगविलेले पडदे पाहून प्रेक्षक थक्क होत. पडदा वर जावा आणि समोर राजवाडा किंवा अरण्य खरेच उभे आहे असे वाटावे, ही त्यांच्या कुंचल्याची किमया. ही भावंडे आपल्या कथेत पुन्हा एकदा येणार आहेत, आणि तेव्हा त्यांची भूमिका निराळी असेल.

आता वास्तूकडे वळू. छत्रपती शाहू महाराज १९०२ साली विलायतेस गेले होते. त्या प्रवासात रोमची प्राचीन प्रेक्षागारे त्यांनी पाहिली, आणि तशा वास्तू आपल्या राजधानीत असाव्यात हा विचार त्यांच्या मनात रुजला, असे सांगतात. त्यातून कुस्तीसाठी खासबागेचे मैदान सिद्ध झाले, आणि त्याला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात 'पॅलेस थिएटर' बांधले गेले. मल्ल आणि नट एकमेकांच्या पाठीस पाठ लावून उभे राहावेत अशी ही रचना शाहूंच्या स्वभावाला धरूनच होती. महाराजांच्या लेखी कुस्ती ही खालची व नाटक हे वरचे असा भेद नव्हता. दोन्हींना अंगमेहनत लागते, दोन्हींना गुरू लागतो, आणि दोन्हींना पाहणारे हजारो डोळे लागतात.

फिरत्या मंडळ्यांच्या त्या जमान्यात कायमच्या पक्क्या नाट्यगृहाचे मोल काय, हे आज सहजी ध्यानात येत नाही. जेथे असे घर नसे तेथे मंडळीला मांडव घालावा लागे, किंवा एखाद्या वाड्याचा चौक धरावा लागे. पावसाची एक सर आली की त्या दिवसाचे उत्पन्न बुडाले. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचविण्यासाठी नटाला घसा फोडावा लागे. आणि ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात नटाचा घसा हेच मंडळीचे भांडवल. मोठा रंगमंच, प्रशस्त विंग, मध्ये खांबांची आडकाठी नसलेले प्रेक्षागार आणि डोक्यावर भक्कम छप्पर या गोष्टींनी मंडळीचा खर्च घटे, गायकाचे आयुष्य वाढे, आणि नगराला वर्षाचा नाट्यहंगाम मिळे. शाहू महाराजांनी नाटक मंडळ्यांना बक्षिसे दिली असतील, आश्रयही दिला. पण बक्षीस एका मंडळीला मिळते, घर सर्वांना मिळते. राजाश्रयाची ही अधिक शहाणी रीत होय.

१९२१ हे वर्ष केशवरावांच्या कारकिर्दीचा कळस आणि शेवट ठरले. आदल्या वर्षी लोकमान्य टिळक निवर्तले होते, आणि त्यांच्या नावाने स्वराज्य निधी उभारण्याचे कार्य देशभर चालू होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात या निधीच्या साहाय्यार्थ खाडिलकरांच्या 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, आणि केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन धनी एका रंगमंचावर उभे राहिले. तिकिटांचे दर नेहमीच्या मानाने कितीतरी चढे असूनही नाट्यगृह भरून वाहिले. कोणाचे गाणे सरस झाले याविषयी पुढे वर्षानुवर्षे वाद रंगले; अजूनही जुन्या रसिकांच्या घरी ते रंगतात. आमच्या दृष्टीने त्या वादापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, एरवी एकमेकांचा प्रेक्षक ओढून घेण्यासाठी झटणाऱ्या दोन मंडळ्यांनी एका सार्वजनिक कार्यासाठी आपला व्यवसायातील हेवा बाजूस ठेवला.

त्यानंतर पुरते तीन महिनेही गेले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवरावांचा अंत झाला. वय वर्षे एकतीस. पुढच्या वर्षी मे महिन्यात शाहू महाराजही गेले. नट गेला, घर बांधणारा गेला. घर उरले आणि मंडळी उरली. या दोहोंचे पुढे काय झाले, यातच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

मंडळीची गोष्ट प्रथम घेऊ. केशवरावांच्या मागे ललितकलादर्शाची धुरा बापूराव पेंढारकर यांनी उचलली. १९२२ साली वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आले, नेपथ्यात पु. श्री. काळे यांच्या पडद्यांनी नवे युग आणले. पण त्याच सुमारास रंगभूमीच्या मुळाशी दुसरीच कुऱ्हाड लागली होती, आणि ती कोल्हापुरातच पाजळली जात होती. ज्या बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगविले, त्यांनीच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट पुरा केला. १९२९ साली प्रभात कंपनी कोल्हापुरातच निघाली, आणि १९३२ साली तिचा 'अयोध्येचा राजा' बोलू लागला. पडदा रंगविणारी बोटे आता पडदा हलवू लागली होती. एका रात्रीत एकच प्रयोग करणाऱ्या नटाने, एकाच रात्री शंभर गावी दिसणाऱ्या छायेशी स्पर्धा ती कशी करावी? बालगंधर्वांसारखा नटसम्राटही १९३५ साली 'धर्मात्मा' बोलपटात उतरला. मोठमोठ्या मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या. १९३७ साली बापूराव पेंढारकर निवर्तले आणि ललितकलादर्शाचा पडदाही खाली आला.

तो कायमचा खाली राहिला असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. १९४२ साली बापूरावांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी संस्था पुन्हा उभी केली. काळ महायुद्धाचा, टंचाईचा आणि चळवळीचा. नाटकाला मुळीच अनुकूल नव्हे. स्वतःच्या मालकीचे घर नाही, राजाश्रय नाही. होता तो एक गळा, काही जुनी नाटके आणि एक नाव. त्यातून १९५७ चे 'दुरिताचे तिमिर जावो' व १९६० चे 'पंडितराज जगन्नाथ' निघाले. संगीत नाटक मेले असे म्हणणाऱ्यांना त्या प्रयोगांच्या गर्दीने उत्तर दिले. भालचंद्र पेंढारकर २०१५ साली दिवंगत झाले. म्हणजे हुबळीस लावलेल्या रोपट्याची निगा तीन पिढ्यांनी शतकाहून अधिक काळ केली.

आता घराची गोष्ट. १९५७ साली पॅलेस थिएटरला केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. संस्थान विलीन झाले होते. राजाच्या राजवाड्याचे नाव जाऊन त्या जागी अन्नाला महाग झालेल्या घरातील एका नटाचे नाव आले. लोकशाहीचा यापरता सुंदर दाखला क्वचितच सापडेल. मुंबईची व्यावसायिक नाटके येथे येत राहिली, कोल्हापूरच्या हौशी संस्थांनी येथे स्पर्धांची नाटके केली, गाण्याच्या मैफली झाल्या, शाळांची स्नेहसंमेलने झाली. वास्तू नगराच्या मालकीची, महापालिकेच्या देखरेखीखाली होती. एका संस्थानी रंगमंदिराचे लोकांचे नाट्यगृह बनले ते नामफलकाने नव्हे. वर्षाच्या पुष्कळशा संध्याकाळी तेथे काही ना काही चाललेले असे म्हणून.

ही दोन इतिवृत्ते शेजारी ठेवली की काय दिसते? घर नसताना मंडळी जगली. बंद पडली तरी पुन्हा उठली, कारण तिला उठविणारा माणूस होता. घर मात्र मंडळीवाचून जगत नाही. नाटक नसलेले नाट्यगृह म्हणजे गोदाम. त्याला जाळावयास आग लागत नाही, कुलूप पुरते.

आगीनंतर शासनाने निधी जाहीर केला, आणि पुनर्बांधणीचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आले. वास्तू होती तशीच, होती तेथेच उभी राहावी, ही कोल्हापूरकरांची मागणी राहिली. काही व्यवहारी माणसे विचारतात, 'जुन्याचा हट्ट कशाला? नव्या सोयींचे नवे सभागृह बांधावे.' हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. नवे छप्पर, आगीपासून संरक्षणाची नवी व्यवस्था, नव्या धाटणीची वीजजोडणी हे सारे हवेच. तेथे जुनेपणाचा आग्रह धरणे हा आत्मघात होईल. परंतु प्रमाणे, दगडी बांधणी, रंगमंचाचा विस्तार आणि प्रेक्षकाशी असलेले त्याचे अंतर या गोष्टी शतकभराच्या वापराने सिद्ध झालेल्या आहेत. व्हेनिसचे 'ला फेनिचे' हे संगीतनाट्यगृह १९९६ साली जळाले तेव्हा तेथील नागरिकांनीही 'जेथे होते तेथे, जसे होते तसे' हाच आग्रह धरला, आणि २००३ साली ते पुन्हा उघडले. नगराची स्मृती दगडात साठलेली असते, असे मानणारे कोल्हापूरकर एकटे नाहीत.

तथापि दगडाचे काम शासन व महापालिका करू शकतात. दुसरे काम त्यांच्या हातचे नाही. पडदा पुन्हा वर जाईल त्या दिवशी गर्दी होईल, भाषणे होतील, छायाचित्रे निघतील. खरी परीक्षा त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षीच्या एखाद्या साध्या मंगळवारी होईल. त्या दिवशी रंगमंचावर नाटक आहे काय? हौशी संस्थेला परवडेल अशा भाड्यात तारीख मिळते काय? तालमीसाठी जागा आहे काय? आणि पहिल्या रांगेतील खुर्च्या पैसे देऊन आलेल्यांच्या आहेत, की फुकट पासवाल्यांच्या?

हा शेवटचा प्रश्न आम्ही आमच्या वाचकवर्गासाठी राखून ठेवला होता. सरकारी नोकरवर्गात, मग तो महाराष्ट्रातील असो वा बाहेरील, नाटकाचा पास हा हुद्द्याचा एक भाग समजण्याची जुनी खोड आहे. साहेबांना दोन, मोठ्या कारकुनांना एक, अशी त्याची अलिखित वाटणी असते. नाटक मंडळीला हा भार आजवर कधी हलका वाटलेला नाही. हौशी संस्थेला तर तो बुडविणाराच असतो. ज्या रंगभूमीने आमच्यासारख्या परमुलखातल्या मराठी माणसाला आपला प्रेक्षक मानले, तिचे ऋण फेडण्याचा साधा मार्ग आमच्या खिशात आहे. रजेवर गावी गेल्यावर एक संध्याकाळ नाटकासाठी राखावी. बदलीच्या गावी मराठी मंडळाने नाटक बसविले तर वर्गणीबरोबर तिकिटाचेही पैसे द्यावेत. आणि पास पुढे आला तर तो नम्रपणे परत करावा.

१९२१ च्या त्या जुलै महिन्यात बालीवाला थिएटरात बसलेल्या प्रेक्षकांनी चढे दर मोजले, कारण तो निधी आपला आहे असे त्यांना वाटले. नाट्यगृहाच्या पुनरुज्जीवनाचा निधीही याच जातीचा आहे. फक्त तो एकदा देऊन भागत नाही, दर हंगामात द्यावा लागतो. सतरा वर्षांच्या पोराने परमुलखात, छप्पर नसताना मंडळी उभी केली. छप्पर तर नगराने बांधावयास घेतले आहे. त्याच्या खाली बसावयाचे काम तेवढे प्रेक्षकांनी अंगावर घ्यावे.